सोलापूरच्या गच्चीवरून ग्रहांचे फोटो: साधा वेबकॅम दुर्बिणीला लावण्यापासून गायडिंगपर्यंत

दुर्बीण घेऊन झाली, चंद्र-शनी बघून झाले, शेजारच्या पोरांना दाखवून झाले, आता फोटो काढायचाय. बहुतेकजण इथे मोबाईल आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) धरून बघतात आणि मग एकदम महागड्या अॅस्ट्रो कॅमेऱ्याच्या किमती शोधायला लागतात. मधे एक पायरी आहे ती कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. साधा यूएसबी वेबकॅम घ्यायचा, त्याची लेन्स काढून टाकायची, आणि उघडा सेन्सर आयपीसच्या जागी दुर्बिणीत बसवायचा. म्हणजे दुर्बीणच कॅमेऱ्याची लेन्स होते. दोन हजाराच्या आत भागतंय आणि गुरूचे पट्टे, शनीची कडी, चंद्राची विवरं यासाठी हा खरंच चांगला रस्ता आहे.

आधी हे का चालतं ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या सेटिंग्ज नुसत्या पाठ कराल. ग्रह ठळक असतात पण लहान असतात, आणि आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. एकच फोटो काढला तर तो हललेल्या क्षणाचाच निघण्याची शक्यता जास्त. व्हिडिओ काढला तर दोन मिनिटात हजारो फ्रेम मिळतात, त्यातल्या काही फ्रेम हवा क्षणभर शांत असताना आलेल्या असतात, सॉफ्टवेअर त्या निवडतं, एकावर एक रचतं आणि फोटो स्वच्छ होतो. अशी ‘नशीबवान’ फ्रेम मिळायची शक्यता किती याचं गणित डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये मांडलं होतं, तेव्हापासून याला लकी इमेजिंग म्हणतात. म्हणून इथे मेगापिक्सेल बघायचे नाहीत, सेकंदाला किती फ्रेम न दाबता म्हणजे कॉम्प्रेस न करता मिळतात ते बघायचं.

आणि सोलापूरकरांना यात एक फायदा आहे. आपला अक्षांश साधारण १७ अंश ४० कला. गुरू १० जानेवारी २०२६ ला प्रतियुतीत, म्हणजे आपल्याकडून सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, होता तेव्हा मिथुन राशीत होता, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर. पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये, तेव्हाही गुरू चांगलाच वर असणार. डोक्यावरचा ग्रह म्हणजे मधे हवेचा थर कमीत कमी, आणि रंग पसरून ग्रहाला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी कड येते ती पण जवळजवळ नाही. युरोपातल्या लोकांना कितीतरी वर्षं ग्रह क्षितिजालगत शोधावे लागतात, आपल्याला ते गच्चीत खुर्ची टाकून मिळतात.

कॅमेरा कुठला घ्यायचा

ज्याची लेन्स हाताने फिरवून फोकस होते असा. ऑटोफोकसवाला नको, त्यात लेन्सभोवती बारीक कॉइल असते आणि ती काढताना सेन्सरची वाट लागते. जुन्या बाजारात प्लेस्टेशन थ्रीचा आय कॅमेरा मिळाला तर सोडू नका, ६४० बाय ४८० चाच आहे पण पिक्सेल ६ मायक्रॉनचे, मोठे, आणि फ्रेम रेट भारी. विंडोजवर त्याला वेगळा ड्रायव्हर शोधून टाकावा लागतो, लिनक्सवर सरळ चालतो. कुणाच्या घरी फिलिप्सचा जुना टूकॅम पडलेला असेल तर तो मागून घ्या, त्यात सोनीचा सीसीडी आहे, एके काळी जगभरातल्या हौशी लोकांनी ग्रहांचे फोटो त्याच्यावरच काढले. रास्पबेरी पायचा एचक्यू कॅमेरा पण चालतो, लेन्स आधीच वेगळी असते त्यामुळे तोडफोड नाही, पण त्याचे पिक्सेल १.५५ मायक्रॉन, फार बारीक, आणि पाय चालवायची सवय पाहिजे.

डीएसएलआर असेल तर तो आत्ता बाजूला ठेवा. कॅननच्या डीएसएलआरचा सेन्सर लेन्स माउंटपासून ४४ मिलिमीटर आत असतो, म्हणून बऱ्याच न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीत फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारी नळी) पूर्ण आत ढकलला तरी फोकस मिळत नाही. वेबकॅमचा सेन्सर नळीच्या तोंडाशीच बसतो, ही अडचण येत नाही.

लेन्स काढणे

दिवसा, टेबलावर, पंखा बंद करून बसा. पंखा बंद का, तर आपल्याकडे ज्यांच्या घरात किंवा शेजारी लूम आहेत त्यांना माहितीये की सुताचे बारीक तंतू हवेत कायम असतात, असा एक तंतू सेन्सरवर बसला की चंद्राच्या फोटोत वळवळणाऱ्या किड्यासारखा काळा दोरा दिसतो. सुरू करण्याआधी नळाला किंवा लोखंडी कपाटाला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाईल, थंडीत कोरड्या हवेत हे विसरू नका.

कव्हरचे स्क्रू काढा. स्क्रू दिसत नसतील तर बहुतेक वेळा पुढच्या स्टिकरखाली किंवा पायाच्या सांध्यात असतात, नाहीतर कव्हर नुसतं खटक्यावर असतं. आत हिरवं सर्किट, त्यावर काळा प्लास्टिकचा चौकोनी होल्डर आणि त्यात आटे असलेली लेन्स. बहुतेक कॅमेऱ्यांत हे आटे एम १२ चे असतात, म्हणजे १२ मिलिमीटर व्यास. लेन्सच्या कडेला कंपनीने डिंकाचा एक थेंब टाकलेला असतो. तो ब्लेडच्या टोकाने हळूहळू खरवडा, ब्लेड बाहेरच्या दिशेने चालवा, आत सर्किटकडे नाही. मग एका हाताने होल्डर, हो, होल्डरच, सर्किट नाही, घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने लेन्स घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. पहिला पाव फेरा जड जातो, मग सैल सुटते. लेन्स निघाली की लगेच भोकावर सेलोटेपचा तुकडा लावा, चिकट बाजू सेन्सरला लागणार नाही असा.

आता तिरक्या उजेडात बघा, लेन्सच्या मागे किंवा होल्डरच्या तळाशी लालसर-निळसर चमकणारी एक चौकोनी काच दिसेल. ती इन्फ्रारेड अडवणारी फिल्टर काच. ती लेन्सबरोबर निघून आली असेल तर सेन्सरवर आता इन्फ्रारेड पण पडणार, रंग जांभळट-गुलाबी येणार. तुमची दुर्बीण भिंगाची असेल तर हे फार वाईट, कारण इन्फ्रारेडचा फोकस वेगळ्या जागी पडतो आणि सगळा ग्रह धूसर होतो. आरशाची असेल तर फोकस सगळ्या रंगांचा एकाच जागी, फक्त रंग बिघडतात. दोन्हीला उपाय एकच, सव्वा इंची आयआर-कट फिल्टर घ्या, तो पुढे सांगितलेल्या नळीच्या टोकाला बसवायचा, म्हणजे सेन्सरवर धूळ पण जात नाही. गायडिंगसाठीच (ते काय ते शेवटी सांगितलंय) कॅमेरा वापरणार असाल तर मात्र काच नसलेलीच बरी, जास्त उजेड मिळतो.

सर्किटवर एखादा एलईडी असतो, कॅमेरा चालू झाला की पेटतो. त्यावर काळी टेप दोन थर. सर्किटच्या मागच्या बाजूने पण उजेड शिरतो, पूर्ण मागची बाजू काळ्या टेपने किंवा काळ्या कव्हरने झाका, नाहीतर लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड फोटोत येतो आणि माणूस आकाशाला दोष देत बसतो.

दुर्बिणीत बसणारी नळी

आयपीसची नळी सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. जुन्या काळी फिल्म रोलची काळी डबी बरोबर या मापाची निघायची, बूड कापलं की झालं काम, अजूनही एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारून बघा. ती नाही मिळाली तर प्लंबिंगच्या दुकानातून ३२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप वीतभर घ्या, दोन इंचाचा तुकडा कापा आणि सँडपेपरने गोल गोल घासत फोकसरमध्ये आरामात सरकेल इतका बारीक करा. पाव मिलिमीटरचाच प्रश्न असतो, सारखं घालून बघत घासा. आतून मॅट काळा रंग द्या, चकचकीत नको.

मला विचाराल तर सगळ्यात चांगलं म्हणजे लेथवर करून घेणं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे पार्ट करणारे लेथवाले आहेत, त्यांच्यासाठी हे पाच-दहा मिनिटांचं काम. काळ्या नायलॉनचा रॉड द्या, कागदावर चित्र काढून न्या: बाहेरचा व्यास ३१.७, लांबी ३० मिलिमीटर, मागे ४० व्यासाची कॉलर म्हणजे नळी आत पडणार नाही, आणि आरपार भोक. बोलताना ‘सव्वा इंची’ म्हणू नका, मिलिमीटरच सांगा आणि व्हर्नियरने समोर मोजून घ्या. हातात दुर्बिणीचा आयपीस नेला तर अजून चांगलं, त्यांना लगेच कळतं काय पाहिजे. कॉलर सर्किटच्या कव्हरला दोन छोट्या स्क्रूने किंवा एपॉक्सीने जोडा. जोडताना सेन्सर नळीच्या मधोमध आणि सपाट आहे ना बघा, तिरका बसला तर चंद्राची एक बाजू फोकसमध्ये आणि दुसरी बाहेर.

यूएसबी वायर लोंबकळत ठेवू नका, फोकसरला वेल्क्रोने बांधा. साधी यूएसबी २ वायर पाच मीटरच्या वर चालत नाही, तेव्हा लॅपटॉप खाली खोलीत आणि दुर्बीण गच्चीवर असा बेत असेल तर मधे पॉवरवाला हब लागेल.

पहिला फोकस दिवसा

रात्री पहिल्यांदा लावलात तर स्क्रीन नुसती काळी दिसेल आणि कळणारच नाही की फोकस नाही, ग्रह नाही, की कॅमेराच बंद आहे. म्हणून दिवसा एखादा किलोमीटरभर लांबचा मोबाईल टॉवर धरा, स्क्रीनवर फोकस करा, आणि फोकसरच्या नळीवर पेन्सिलने खूण करा. रात्री त्या खुणेच्या जवळपासच असतं. त्याच वेळी फाइंडर (मुख्य दुर्बिणीवरची छोटी दुर्बीण) पण अगदी बरोबर जुळवून घ्या, का ते पुढे येतंय. सूर्याच्या आसपास सुद्धा दुर्बीण फिरवू नका. सूर्याचे फोटो काढायचेच असतील तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला पूर्ण झाकणारी खास सोलर फिल्म पाहिजे, एक्सरे किंवा काळी काच अजिबात नाही, आणि फाइंडरला झाकण. डोळा जातो आणि सेन्सर पण.

किती मोठा दिसेल, बार्लो लागेल का

याचं गणित सोपं आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, त्याला २०६ ने गुणा आणि फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये, त्याने भागा, एका पिक्सेलला किती आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) ते मिळतं. सहा इंची एफ/८ न्यूटोनियन, फोकल लेंथ १२००, पिक्सेल ६ मायक्रॉन, म्हणजे पिक्सेलला साधारण १ आर्कसेकंद. प्रतियुतीच्या आसपास गुरू ४५ आर्कसेकंदाचा, म्हणजे स्क्रीनवर ४५ पिक्सेलचा गुरू. फारच छोटा. ३एक्स बार्लो (फोकल लेंथ तिप्पट करणारं जोडभिंग) लावली की सव्वाशेच्या पुढे जातो, आता पट्टे दिसतात. अंदाजासाठी एक नियम धरा: पिक्सेल मायक्रॉनला ४ ते ५ ने गुणा, जो आकडा येईल तो एफ रेशो, म्हणजे फोकल लेंथ भागिले दुर्बिणीचा व्यास. ६ मायक्रॉनला एफ/२४, ३ मायक्रॉनला एफ/१२ ते १५. त्याच्या वर ताणलं तर ग्रह मोठा होतो पण तपशील वाढत नाही, उलट अंधार होतो आणि फ्रेम रेट पडतो.

दुसरी बाजू अशी की बार्लोशिवाय सुद्धा ६४० पिक्सेलमध्ये जेमतेम ११ आर्कमिनिट आकाश मावतं, चंद्राचा एक तृतीयांश. ३एक्स लावली की चारच्या आत. म्हणून फाइंडर जुळवलेला पाहिजे. आधी आयपीसने ग्रह मधोमध आणा, मग आयपीस काढून कॅमेरा, बार्लो सगळ्यात शेवटी. डॉबसोनियनवाल्यांनी (हाताने फिरवायची, मोटर नसलेली दुर्बीण) नाराज होऊ नका, तारे सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतात, बार्लोसह १५ सेकंद ग्रह चौकटीत राहतो, तेवढे व्हिडिओ तुकड्यातुकड्यात घ्या, नंतर पीआयपीपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधला ग्रह मधे आणून देतं.

रेकॉर्डिंग

विंडोजवर शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर, लिनक्सवर ओएकॅप्चर. वेबकॅम असेल तर शार्पकॅपच सोपं. पहिल्यांदा सगळं ऑटो बंद: ऑटो एक्सपोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, शार्पनेस शून्य. फॉरमॅटमध्ये वायवायटू निवडा, एमजेपीजी नको, त्यात कॉम्प्रेशनचे चौकोन येतात आणि रचल्यावर तेच उठून दिसतात. एक्सपोजरचा आकडा -५, -६ असा दिसेल, घाबरू नका, तो दोनचा घात आहे, -५ म्हणजे १/३२ सेकंद, -६ म्हणजे १/६४. गुरूला या दोन्हीतलं एक, चंद्राला अजून कमी. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा, ग्रह स्क्रीनवर थोडा अंधारा दिसला तरी चालतो, पांढरा फटक झाला तर गेला.

फोकस ग्रहावर करायच्या आधी गुरूच्या चंद्रांवर करा. चंद्र बारीक टिंब झाले की फोकस आला. फोकसरला हात लावला की सगळी दुर्बीण थरथरते, तर हात लावा, सोडा, दोन-तीन सेकंद थांबा, बघा, परत. फोकसरच्या नॉबला कपडे वाळत घालायचा मोठा चिमटा लावला तर बोटाच्या टोकाने बारीक फिरवता येतं आणि थरथर कमी होते.

गुरूचा एक व्हिडिओ तीन मिनिटांच्या वर नको. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, सहा इंची दुर्बिणीत तीन मिनिटांनंतर मधले डाग सरकलेले कळायला लागतात. ६४० बाय ४८० चा दोन मिनिटांचा व्हिडिओ ३० फ्रेमने दोन जीबीच्या पुढे जातो, डिस्क रिकामी ठेवा, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसत नाही.

आता सोलापूरची खरी अडचण, स्लॅब. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री बारा-एकपर्यंत गरम वाफा सोडत असते, दुर्बीण त्या वाफांतूनच बघते आणि ग्रह उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा दिसतो. कॅमेरा कितीही महाग आणा, यावर उपाय नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटे तीननंतर काम करा, किंवा अंगणात मातीवर, शेतात लावा. पत्र्याच्या छपरावरून दिसणारा ग्रह तर सोडूनच द्या, तो वर येईपर्यंत थांबा. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे सगळ्यात चांगले महिने, फक्त संक्रांतीला गड्डा यात्रेच्या दिवसात शहरात दिवे आणि धूळ दोन्ही जास्त, पण ग्रहांना दिव्यांनी फारसा फरक पडत नाही.

व्हिडिओ ऑटोस्टॅकर्टमध्ये टाका, अॅनालाइज करा, चांगल्या २० ते ३० टक्के फ्रेम रचायला सांगा. निघालेला फोटो मऊ आणि धूसर दिसेल, निराश होऊ नका, तो तसाच असतो. रजिस्टॅक्समध्ये वेव्हलेटचे स्लायडर पहिल्या दोन थरांचे हळूहळू वाढवा, पट्टे उमटायला लागतात. कडेला पांढरी रेघ आली की जास्त झालं, मागे या.

गायडिंगला हाच कॅमेरा चालेल का

चालतो, पण मी स्पष्ट सांगतो, इथे वेबकॅमचा जीव लहान पडतो. गायडिंग म्हणजे मुख्य कॅमेरा नेब्युला किंवा आकाशगंगेचा दोन-तीन मिनिटांचा एक्सपोजर घेत असताना दुसरा छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तारा सरकला की माउंटच्या (दुर्बिणीच्या फिरत्या स्टँडच्या) मोटरला दुरुस्ती पाठवतो. त्यासाठी एक ते तीन सेकंदाचा एक्सपोजर लागतो, वेबकॅम सेकंदाच्या छोट्या भागापुढे जात नाही, म्हणून फक्त ठळक तारे दिसतात. स्टीव्ह चेंबर्स यांनी जुन्या टूकॅममध्ये सर्किटला डाग देऊन लांब एक्सपोजर मिळवायची युक्ती काढली होती, जगभर लोकांनी ती केली, पण आज नव्याने शिकणाऱ्याने त्यात पडू नये. ग्रहांसाठी वेबकॅम, गायडिंगसाठी जुना वापरलेला मोनो (कृष्णधवल) गायड कॅमेरा, एआर०१३० सेन्सरवाला, ३.७५ मायक्रॉनचा, असं माझं मत. तो ग्रहांवर पण चालतो. त्याला एसटी४ पोर्ट असतो, सहा पिनांची टेलिफोनसारखी वायर थेट माउंटला. वेबकॅमला हा पोर्ट नसतो, तिथे दुरुस्ती लॅपटॉपवरून माउंटच्या केबलने पाठवावी लागते.

गायड दुर्बीण वेगळी घ्यायची गरज नाही, ५० मिलिमीटरच्या फाइंडरचा आयपीस काढून तिथे कॅमेरा बसवा. फोकल लेंथ १८० च्या आसपास, ३.७५ मायक्रॉनला पिक्सेलला सव्वाचार आर्कसेकंद. मोठं वाटेल, पण पीएचडी टू हे सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या छोट्या भागापर्यंत मोजतं. जास्त महत्त्वाचं म्हणजे फाइंडर हलला नाही पाहिजे. प्लास्टिकचा स्टँड, रबराची रिंग असेल तर बदला. दोन मजबूत रिंग, सहा स्क्रू, घट्ट.

गायडिंगच्या आधी माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवा. सोलापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशांवरच, म्हणजे उत्तरेला झाड, इमारत नको. आणि तो अगदी ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त बाजूला आहे, पोलर स्कोपमधलं (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतलं) वर्तुळ त्यासाठीच असतं. बऱ्याच इक्विटोरियल माउंटचं वजनाचं दांडकं इतक्या कमी अक्षांशावर ट्रायपॉडच्या पायाला आपटतं, तेव्हा ट्रायपॉड फिरवून उत्तरेला दोन पायांमधली जागा येईल असं करून बघा, आणि मोटर चालू करण्याआधी हाताने पूर्ण फिरवून तपासा. शहरातून बाहेर जायचं असेल तर तुळजापूर रोडला तामलवाडीच्या पुढे बरं, शहराचा उजेड पाठीमागे दक्षिणेला राहतो आणि ध्रुवाकडे अंधार मिळतो. नान्नजकडे पण अंधार चांगला, पण माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नका.

मग पीएचडी टू. विझार्डमध्ये फोकल लेंथ आणि पिक्सेल बरोबर भरा, झाकण लावून डार्क लायब्ररी (सेन्सरचे डाग वजा करायला अंधाऱ्या फ्रेमचा संच) करून घ्या. कॅलिब्रेशन, म्हणजे दुरुस्ती दिल्यावर तारा किती आणि कुठे सरकतो ते सॉफ्टवेअरने मोजणं, खगोलीय विषुववृत्ताजवळ, दक्षिणोत्तर रेषेच्या आसपास करायचं असतं. हिवाळ्यात यासाठी मृगाच्या पोटातला बाण आहेच, तीन ताऱ्यांतला पश्चिमेचा तारा जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. बाणाजवळचा मध्यम ठळक तारा निवडा, फार ठळक नको, सेन्सर भरून गेला की मध्य नीट मोजता येत नाही. कॅलिब्रेशन साधारण डझनभर पावलांत पूर्ण झालं पाहिजे, तीन-चारमध्येच संपलं तर पावलाची लांबी कमी करा.

तारा किती सरकतोय त्याचा ग्राफ सुरू झाला की लोक त्यावरच डोळे लावून बसतात आणि सारखे आकडे बदलत राहतात. तसं करू नका. मुख्य कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरची लेन्स आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर पिक्सेलला चार आर्कसेकंद, म्हणजे ग्राफवर आरएमएस (सरासरी चूक) दोन आर्कसेकंद दाखवत असेल तरी फोटोत तारे गोलच येणार. आरएमएस चांगला आणि तरी तारे लांबट येत असतील तर फाइंडर किंवा वायर सरकतेय. एकाच अक्षात ग्राफ इकडून तिकडे झोकांड्या खात असेल तर अॅग्रेसिव्हनेस (दुरुस्तीचा जोर) कमी करा, आणि डेक्लिनेशनमध्ये (दक्षिणोत्तर अक्षात) दुरुस्ती उशिरा लागत असेल तर गियरमध्ये ढिलाई आहे, तिथे फक्त एकाच दिशेने गायड करायला सांगा. ग्राफ एकदम सरळ जाऊन अचानक उडी मारत असेल तर आधी वारा आणि वायर बघा, मग सॉफ्टवेअर.

जूनमध्ये ढग आले की कॅमेरा नळीसकट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, महिन्यातून एकदा पुड्या बदला, आणि सेन्सरवरची धूळ तोंडाने फुंकू नका, दहा-वीस रुपयांचा रबरी ब्लोअर वापरा.